विश्लेषण : इटालियन रेसिंग सायकलींचे रसिक नेमके कशाच्या प्रेमात पडतात?

तादेय पोगाचारने २०२५ मध्ये टूर द फ्रान्स चौथ्यांदा जिंकली. चारही वेळा तो ‘कोल्नागो’ या इटालियन कंपनीच्या सायकलवर होता. मात्र २०२० पासून या कंपनीतील बहुतांश हिस्सा अबुधाबीतील गुंतवणूकदारांकडे आहे. तिच्या अनेक फ्रेम तैवानमध्ये तयार होतात आणि २०२३ पासून पोगाचारच्या संघाच्या सायकलींवर गिअर असतात ते जपानच्या शिमानोचे. तरीही वरच्या श्रेणीतील इटालियन सायकलीसाठी दहा लाख रुपयांहून अधिक मोजणारे रसिक आहेत. ते कशासाठी?

या सायकलींची परंपरा काय?

एदोआर्दो बियांकी यांनी १८८५ मध्ये मिलानमध्ये सायकली बनवायला सुरुवात केली. त्या कंपनीचा फिकट निळसर-हिरवा रंग आजही तिची ओळख आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तर इटलीत अनेक छोटे कारखाने उभे राहिले. त्यातले काही माजी शर्यतपटूंनी काढले होते. जोव्हान्नी पिनारेलो १९५१ च्या ‘जिरो द इतालिया’ शर्यतीत शेवटचे आले. पुढच्या वर्षी दुसऱ्या स्पर्धकासाठी जागा सोडण्याच्या बदल्यात संघाने त्यांना एक लाख लिरा दिले. त्या पैशांतून त्यांनी त्रेव्हिझोमध्ये सायकलचे दुकान थाटले. त्याच पिनारेलोच्या सायकलींवर २०१२ ते २०१९ या आठ वर्षांत टूर द फ्रान्स सात वेळा जिंकली गेली.

कॅम्पान्योलोचे नाव एवढ्या आदराने का घेतात?

पूर्वी शर्यतीच्या सायकलीला मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे दातेरी चक्र असे. चढ आला की उतरायचे, नट सोडवून चाक काढायचे आणि उलटे फिरवून बसवायचे. १९२७ मध्ये क्रोचे दाउने घाटात थंडीने बोटे गारठल्यामुळे तुल्लियो कॅम्पान्योलो यांना हे नट सुटेनात, अशी गोष्ट सांगितली जाते. त्यांनी पुढे चाक क्षणात सोडवणारी तरफ आणली आणि १९३३ मध्ये विचेन्झा येथे कंपनी स्थापन केली. आपल्याकडच्या अनेक गिअरच्या सायकलींच्या चाकाच्या मध्यभागी दिसणारी छोटी दांडी ती हीच. १९५० च्या सुमारास आलेल्या त्यांच्या ‘ग्रान स्पोर्ट’ गिअरने चाक न काढता साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणे विश्वासार्ह केले.

फ्रेममध्ये वेगळे काय होते?

मिलानच्या ‘कोलंबस’ कंपनीच्या पोलादी नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असत. जिथे जोड येतो तिथे ताकद, बाकी ठिकाणी वजनात बचत. कारागीर स्वाराची मापे घेऊन नळ्या कापत आणि सांध्यांत बसवून डाक देत. सांध्याची कड कानसीने किती निगुतीने घासली आहे, हे रसिक आजही निरखून पाहतात. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी एडी मर्क्स याने मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले, ते एर्नेस्तो कोल्नागो यांनी बनवलेल्या सायकलवर. तिचे वजन ६ किलोपेक्षाही कमी होते. त्यासाठी साखळीच्या कड्यांनाही छिद्रे पाडली होती.

मग दोष नव्हतेच का?

होते. पायडलचा आस ज्या नळीत बसतो, तिच्या उजव्या बाजूला इंग्लिश पद्धतीत उलटे आटे असतात, म्हणजे पायडल मारताना तो भाग सैल होत नाही. इटालियन पद्धतीत दोन्हीकडे सुलटेच आटे. त्यामुळे उजवी बाजू घट्ट कसावी लागते आणि अधूनमधून तपासावी लागते. रसिक ही खोड ओळखून असतात.

वर्चस्व का ओसरले?

१९८० च्या दशकाच्या मध्यावर शिमानोने ‘टक’ आवाजासरशी नेमका बसणारा गिअर आणला. १९९० मध्ये तर गिअरची कळ ब्रेकच्या मुठीतच आली. कॅम्पान्योलोने त्याला दोन वर्षांनी उत्तर दिले. कोल्नागोने १९९४ मध्ये ‘सी-४०’ ही कार्बनची फ्रेम आणून नव्या युगाशी जुळवून घेतले, पण कार्बन फ्रेमचे बरेचसे उत्पादन पुढे आशियात गेले. २०२४ मध्ये तर पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीतील एकाही संघाकडे कॅम्पान्योलोचे गिअर नव्हते.

तरीही ओढ कशाची?

केवळ वेगाची नव्हे. वेग आता इतर देशांच्या सायकलीही देतात. ओढ आहे ती उघडून पाहता येणाऱ्या यंत्राची. जुन्या कॅम्पान्योलो हबमधल्या गोळ्या झिजल्या तर बदलता येतात, वाटी बदलता येते, ग्रीस भरून हब पुन्हा वापरता येतो. आजचे इलेक्ट्रॉनिक गिअर अचूक आहेत, पण ते बॅटरी आणि सॉफ्टवेअरवर चालतात. बिघडले तर बहुधा अख्खा भागच बदलावा लागतो.

म्हणूनच टस्कनीतील गायोले इन कियांती येथे १९९७ पासून होणाऱ्या ‘लेरोइका’ या सायकलफेरीला महत्त्व आहे. तिथले पांढऱ्या मातीचे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, म्हणून ती सुरू झाली. नियमानुसार तिथे १९८७ किंवा त्याआधीच्या रेसिंग सायकली आणाव्या लागतात. आणि त्या चालतात, कारण बनवणाऱ्याने त्या दुरुस्त करता येतील अशाच बनवल्या होत्या. कंपनीचा मालक बदलला, कारखाना दुसऱ्या देशात गेला, तरी या सायकलींमधले इटालियनपण त्या दुरुस्तीच्या सोयीत टिकून आहे.