व्याज उतरले, हप्ता कोणाचा उतरला?

'घर पाहावे बांधून' असे आपल्या पूर्वजांनी म्हणून ठेवले, तेव्हा त्यांच्यापुढे चुना, लाकूड आणि गवंडी यांची विवंचना होती. आज घर बांधणाऱ्यास त्याहून मोठी विवंचना व्याजाची असते. धाराशिव जिल्ह्यास घराचे मोल निराळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे उमरगा-लोहारा भागातील दगडमातीची घरे क्षणार्धात कोसळली, हे येथे कोणी विसरलेले नाही. अशा जिल्ह्यातील शिक्षक, कारकून वा दुकानदार वीस वर्षांचे ऋण शिरावर घेऊन पक्के घर उभारतो, तेव्हा त्या ऋणाच्या अटी त्यास कितपत उमगलेल्या असतात, हा प्रश्न केवळ त्याचा खाजगी राहत नाही.

रिझर्व्ह बँक ज्या दराने इतर बँकांना अल्प मुदतीचा पैसा पुरविते, तो रेपो दर होय. मे २०२२ च्या आरंभी तो ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० टक्क्यांवर गेला. फेब्रुवारी २०२५ पासून त्यास उतरती कळा लागली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात तो ५.२५ टक्क्यांवर आला. व्यापारी बँकांनी १ ऑक्टोबर २०१९ पासून दिलेली बदलत्या दराची गृहकर्जे अशा बाह्य दराशी जोडलेली असून, त्यांचे व्याज तीन महिन्यांतून एकदा तरी नव्याने ठरविणे बंधनकारक आहे. त्यापूर्वीच्या कर्जदारास मात्र ही घट आपोआप मिळत नाही. त्याने स्वतः अर्ज करून नव्या पद्धतीत आले पाहिजे.

या अडीच टक्क्यांचा अर्थ काय? २० लाख रुपयांचे २० वर्षांचे कर्ज ७ टक्क्यांनी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १५,५०६ रुपये पडतो. दर ९.५ टक्के असल्यास तोच १८,६४३ रुपये होतो आणि मुदतीअखेर व्याजापोटी साडेसात लाख रुपये अधिक जातात. हप्ता पूर्वीचाच ठेवावा म्हटले, तर २० लाखांवरील एका महिन्याचे व्याजच १५,८३३ रुपये होते. म्हणजे हप्ता नियमाने भरूनही मुद्दल फिटण्याऐवजी वाढू लागते! म्हणूनच दर चढताना बँका हप्त्यास हात न लावता मुदत लांबवितात, ही सवलत वरकरणी जितकी सुखद, तितकीच घातक होय. राज्य शासनाचा बहुसंख्य नोकरवर्ग ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. हप्ता मात्र निवृत्त होत नाही.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये यासंबंधी स्पष्ट आदेश दिले आहेत. दर बदलताना हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही, याची निवड कर्जदाराची आहे. किती मुद्दल व व्याज वसूल झाले, किती हप्ते उरले आणि दर काय, याचे सुबोध विवरण दर तिमाहीस मिळण्याचा त्यास हक्क आहे. बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास व्यक्तीकडून दंड घेण्यास बँकांना २०१२ पासूनच मनाई आहे. पण नियम कागदावर असणे आणि कर्जदाराच्या हाती असणे, यांत अंतर आहे. जिल्ह्यातील प्रत्येक शाखेने हे विवरण मराठीत द्यावे, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.

आणखी एक वर्ग या हिशेबाबाहेरच उभा आहे. गुंठेवारीच्या वा अकृषिक परवाना नसलेल्या भूखंडावर घर बांधू पाहणाऱ्यास बँकेचे दार सहसा उघडत नाही. तो पतसंस्थेकडे वा सावकाराकडे वळतो. मुंबईत रेपो दर घसरल्याची वार्ता त्याच्या उंबरठ्यापर्यंत पोचतच नाही. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ पासून अस्तित्वात आहे. नगरपालिकांनी ती प्रकरणे तत्परतेने निकालात काढणे, हे त्या कुटुंबांस व्याजदरातील कपातीहून अधिक मोलाचे ठरेल.

कर्ज काढून घर बांधणे हा काही दोष नव्हे. मध्यमवर्गास दुसरा मार्गच उरलेला नाही. परंतु आपल्या कर्जाचा दर, उरलेले मुद्दल आणि उरलेले हप्ते हे तीन आकडे ज्यास सांगता येत नाहीत, त्याने उद्याच शाखेत जाऊन ते लेखी मागावेत.