आधी प्रत, मग दुरुस्ती

लग्नसराई ओसरली की मोहोळमधल्या फोटोवाल्यांच्या हार्ड डिस्क माझ्याकडे यायला लागतात. अनगर, पेनूर, कुरूल, कामती अशा गावांतली लग्नं करून, मोटारसायकलवर आदळत, मे महिन्याच्या 40-42 अंशांत मांडवात पडून आलेल्या. "काल चालू होती सर, आज फोल्डरच उघडंना," हे वाक्य ठरलेलं. त्याच्या पुढचं वाक्य मला जास्त धास्ती घालतं: "स्कॅन करून दुरुस्त करू का म्हणून विचारलं, मी हो म्हणलो."

डिस्क आतून खराब होत असताना दुरुस्तीचा प्रोग्राम चालवू नये, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. तो प्रोग्राम हिशेब जुळवायला बसतो. जी नोंद वाचता येत नाही ती उडवतो, आणि त्यासाठी त्याच दुखऱ्या जागी पुन्हा पुन्हा वाचत-लिहीत राहतो. पडायला आलेल्या घरात कुणी आधी गिलावा करत नाही; माणसं आणि भांडीकुंडी बाहेर काढतात.

अशा कामाला मी लिनक्स वापरतो. आपोआप माउंट होणं बंद केलं, की सांगितल्याशिवाय ते डिस्कच्या वाटेला जात नाही आणि काय घडतंय ते एकेक ओळीत सांगतं. डिस्क जोडायच्या आधी एका खिडकीत डीमेसेज (लिनक्सच्या संदेशांची यादी) चालू ठेवायचं आणि ओळी वाचत बसायचं. डिस्क सापडली, लगेच रीसेट, पुन्हा सापडली, पुन्हा गायब, असं दिसलं तर पहिला संशय केबलवर आणि विजेवर. अडीच इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, ती यूएसबीवरच जगते. यूएसबी 2 चं पोर्ट नियमाप्रमाणे 500 मिलिअँपिअर देतं, यूएसबी 3 चं 900. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लांब, सैल झालेली केबल लावली की चांगली डिस्कही मेल्यासारखी वागते. आखूड केबल, मागचं पोर्ट, नाहीतर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब. एवढ्यावर बरी झालेली डिस्क परत देताना फार बरं वाटतं.

पण 'मीडियम एरर' आणि त्यापाठोपाठ सेक्टरचा नंबर आला, तर दुखणं तबकडीत आहे.

मग स्मार्टसीटीएलने डिस्कची स्वतःची नोंदवही उघडायची. यूएसबीच्या डबीतून ती वाचायला बहुतेक वेळा 'सॅट' हा प्रकार सांगावा लागतो. एका स्टुडिओच्या 1 टीबी डिस्कची वही आठवते. वरती ठळक 'पास्ड'. खाली 5 क्रमांकापुढे शून्य, म्हणजे एकही सेक्टर बदललेला नाही. आणि 197 पुढे काही डझन: वाचता न आलेले, निकालाची वाट पाहणारे सेक्टर. वरच्या 'पास्ड'वर मी विसंबत नाही. गूगलच्या अभियंत्यांनी 2007 साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला होता. तपासणीत पहिली चूक दिसली की पुढच्या 60 दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता बिनचूक डिस्कच्या 39 पट. उलट, बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कच्या चार महत्त्वाच्या आकड्यांत आधी काहीच दिसलं नव्हतं. वाईट आकडा खरा मानावा, चांगल्या आकड्यावर निजू नये.

आता खरं काम: डीडीरेस्क्यू. हा प्रोग्राम फाइली बघत नाही, अख्ख्या डिस्कची सेक्टर-सेक्टर प्रत दुसऱ्या निरोगी डिस्कवर उतरवतो. सुरू करण्याआधी दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर मी मोठ्यानं वाचतो. केबल निसटून पुन्हा लागली की लिनक्सनं डिस्कला दिलेलं नाव बदलू शकतं, कालची एसडीबी आज एसडीसी होते, आणि कुठून-कुठे याची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते.

पहिल्या फेरीत तो चांगला भाग भराभर उचलतो. अडलं की रेटत बसत नाही, उडी मारून पुढे जातो. स्क्रीनवर सेकंदाला 70-80 एमबीचा वेग असतो, मग एकदम काही केबींवर येतो, आणि त्याच क्षणी डिस्कचा एकसुरी आवाज तुटून बारीक खरखर ऐकू येते. तिथं कान देऊन बसावं लागतं. खरखर चालेल, ठराविक अंतरानं टक-टक सुरू झाली तर ताबडतोब थांबायचं. ते हेडचं दुखणं. पुढचं काम स्वच्छ खोली असलेल्या लॅबचं, आणि खर्च ऐकून पुढं जायचं का हे डिस्कच्या मालकानं ठरवायचं. फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय तर करूच नये, आत दव धरतं.

डीडीरेस्क्यूची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्याची मॅप फाइल. कुठला भाग आला, कुठला राहिला, हे तिच्यात लिहिलेलं असतं. वीज गेली, किंवा डिस्क तापली म्हणून आपणच थांबवलं, तरी तीच आज्ञा पुन्हा दिली की काम राहिल्या जागेवरून पुढे चालतं. विजेचा भरवसा नसलेल्या गावात याची किंमत कळते. चांगलं सगळं उचलून झाल्यावरच वाईट जागा कुरतडायच्या: दोन-तीन फेऱ्या, एखादी शेवटाकडून उलटी.

प्रत हाती आली की तिची आणखी एक प्रत, आणि दुरुस्ती त्या दुसरीवर. फाइलींची यादीच गेली असेल तर फोटोरेक. तो जेपेग फाइल तिच्या सुरुवातीच्या बाइटांवरून ओळखतो, पण नावं आणि फोल्डर परत येत नाहीत. हळदीचे आणि वरातीचे फोटो मग फोटोवाल्याला डोळ्यांनी निवडावे लागतात.

काय गेलं, हेही सांगता आलं पाहिजे. प्रतीतल्या न आलेल्या सेक्टरांत डीडीरेस्क्यूकडून एक खुणेचा शब्द भरून घ्यायचा आणि तो शब्द कुठल्या फाइलींत सापडतो ते शोधायचं. निघालेली यादी मी कागदावर देतो. "सगळं आलं" असं मोघम सांगितलं, तर नवरीच्या घरी अल्बम पोचल्यावर उत्तर फोटोवाल्याला द्यावं लागतं.

"फॉरमॅट मारून वापरू का सर हीच?" हे शेवटी विचारलं जातंच. नाही. फॉरमॅट करताना त्या जागांवर लिहिलं गेलं की 197 चा आकडा शून्यावर येतो आणि डिस्क अगदी धडधाकट दिसते, म्हणून तर ती पुढच्या लग्नाला बॅगेत जाते. मी तिच्यावर मार्करनं तारीख टाकतो, 'वापरू नये' असं लिहितो आणि नवीन दोन घ्यायला सांगतो. एक दुकानात, एक घरी.