विहिरीचं पाणी, झाडाचं पान आणि खालचं खनिज

भूजल ज्या खडकातून झिरपतं, त्याचे अंश विरघळवून सोबत आणतं. खोल मुळांची झाडं तेच पाणी ओढून धातूंचा थोडा वाटा पानांत, सालीत साठवतात. म्हणून विहिरींचं पाणी आणि एकाच जातीच्या झाडांची पानं तपासून मातीखाली झाकलेल्या खनिजाचा माग काढता येतो. ऑस्ट्रेलियात कालगुर्ली परिसरातल्या निलगिरीच्या पानांत सोन्याचे सूक्ष्म कण आढळल्याचं संशोधकांनी 2013 मध्ये मांडलं. त्या झाडांखाली सोनं होतं 30 मीटरहून खोल! आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त झाडं आणि वारुळं पाहून पाणी शोधण्याच्या खुणा नोंदवल्या आहेत.

वाशिम जिल्हा मात्र जवळपास सगळा दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावर वसलेला. या काळ्या खडकात तांबं मुळातच बऱ्यापैकी असतं. पाण्यात ते थोडं वाढलेलं दिसलं म्हणजे खाण सापडली असं नव्हे. त्यात संत्र्यावर फवारलेल्या बोर्डो मिश्रणातून तांबं येतं, फॉस्फेट खतांतून कॅडमियम आणि युरेनियम, गॅल्वनाइज्ड पाइपातून जस्त. नमुना घेणाऱ्याने शेजारच्या शेताची चौकशी केलीच पाहिजे. धातूंच्या शोधासाठी मँगनीजचे साठे असलेला नागपूर-भंडाऱ्याचा जुन्या खडकांचा पट्टा अधिक आशादायक.

वाशिमकरांसाठी पाणी तपासण्याचं मोठं कारण आरोग्य हेच आहे. पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे फ्लोराइड 1.5 आणि नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या वर नसावं. आपल्या बोअरचं पाणी एकदा प्रयोगशाळेत द्याच.