पाचोळा पेटवण्याआधी

माघ सरत आला की मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडसारख्या गावांत कडुलिंब, सीताफळ पानं गाळू लागतात. खराटा फिरतो, ढीग लागतो आणि संध्याकाळी त्याला काडी. थंड देशांतली बागकामाची पुस्तकं या सुमारास वाफे साफ करून लागवडीला लागा असं सांगतात, कारण तिथे बर्फ वितळून माती ओली असते आणि पुढचे महिने वाढीचे असतात. वऱ्हाडात चैत्राच्या पाठोपाठ वैशाख येतो, आणि मृगापर्यंत भरवशाचा पाऊस नाही. तेव्हा इथली खरी तयारी माती उघडी करण्याची नसून ती झाकण्याची आहे.

काळ्या मातीतली चिकणमाती ओलीने फुगते, वाळली की आकसते. तिला भेगा पडतात आणि वरच्या थराबरोबर खोलवरची ओलही त्या वाटेने उडून जाते. ‘एक डवरणी, अर्धं पाणी’ म्हणतात ते उगीच नाही: वरचा थर भुसभुशीत झाला की भेगा बुजतात आणि खालचं पाणी वर चढायची वाट तुटते. पाचोळ्याचा चार बोटं थर हेच काम आणखी नेटाने करतो. ऊन थेट मातीवर पडत नाही, वारा तिला लागत नाही. जाळल्यावर मात्र पानांतला बराचसा नत्र धुरात जातो. राखेत पालाश उरतो हे खरं, पण राख अल्कधर्मी असते आणि आपली काळी जमीन मुळातच त्या अंगाची. (उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये देशभर मनाई केली आहे, हे वेगळंच.)

पाचोळ्याने वाळवी येते, विंचू दडतो, हा आक्षेप खोटा नाही. पण वाळवी मातीत असतेच. वाळलेलं पान हे तिचं खाद्य. म्हणून थर खोडापासून वीतभर दूर ठेवावा, आणि दाराजवळचं, मुलं खेळतात ते अंगण स्वच्छच राखावं. पाचोळा लिंबू, पेरू, कढीपत्त्याच्या आळ्यांत घालावा. दुसरा आक्षेप असा की कोरडी पानं नत्र ओढून घेतात. ती मातीत गाडली तर ओढतात, कारण कुजवणारे जिवाणू आपल्या वाढीसाठी मातीतला नत्र उचलतात. वर पसरली तर हा परिणाम जेमतेम वरच्या पापुद्र्यापुरता राहतो. आळ्याला आधी भरपूर पाणी द्यावं आणि मग पानं घालावीत. कोरड्या मातीवर घातलेला पाचोळा फक्त कोरडेपणाच राखतो.