डाल्ड्याचा पिवळा डबा

अकोल्याला मामीच्या माळ्यावर डाल्ड्याचा जुना पिवळा डबा सापडला. तळ गंजलाय, पण हिरवं ताडाचं झाड अजून ठळक आहे!

डाल्डा हा वनस्पती तुपाचा ब्रँड बाजारात आला १९३७ साली. साजूक तुपाच्या घरांना तो पटवायचा म्हणून लिंटास या जाहिरात संस्थेने मोठी मोहीम काढली. सिनेमागृहांत जाहिरातपट, रस्त्यावर चक्क डब्याच्या आकाराची गाडी.

वनस्पती तूप बनतं ते असं: तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळला की ते तुपासारखं घट्ट, रवाळ होतं.

अमरावतीला आमच्या घरी दिवाळीच्या शंकरपाळ्यांना डाल्ड्याचंच कडकडीत मोहन असायचं. तो खुसखुशीतपणा मला अजून आवडतो. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटमुळे मात्र आता मी साजूक तूपच घालते. २०२२पासून वनस्पती तुपात ट्रान्स फॅटची कमाल मर्यादा २ टक्के आहे.

जुने डबे, छापील जाहिराती असतील तर फोटो टाका. प्रश्नही विचारा.