ओक्लाहोमाची नोंदवही

टीटीपी, म्हणजे थ्रॉम्बोटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा. रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच रक्तातल्या एका एन्झाइमवर उलटते, बारीक रक्तवाहिन्यांत प्लेटलेटच्या गुठळ्या साचतात आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंडं यांना रक्त पुरेनासं होतं. उपचार मिळाले नाहीत तर दहापैकी नऊ रुग्ण दगावतात. आजार दुर्मीळ, दहा लाख प्रौढांमागे वर्षाला जेमतेम तीन. बहुतेक डॉक्टरांच्या उभ्या आयुष्यात असे रुग्ण बोटांवर मोजण्याइतकेच येतात. तेवढ्यावरून निष्कर्ष काढायचा तरी कसा?

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात १९८९ च्या जानेवारीत त्यासाठी एक नोंदवही उघडली गेली. रुग्णाचा प्लाझ्मा यंत्राने काढून दात्यांचा प्लाझ्मा चढवायचा, हा टीटीपीवरचा मुख्य उपचार. राज्याच्या मोठ्या भागात ही सोय एकट्या ओक्लाहोमा ब्लड इन्स्टिट्यूटकडे होती. कुठल्याही रुग्णालयातून बोलावणं आलं, की विद्यापीठातले रक्तविकारतज्ज्ञ डॉ. जेम्स जॉर्ज यांच्या रजिस्ट्रीत त्या रुग्णाचं नाव चढे. मोठ्या रुग्णालयांच्या अहवालांत तिथवर पोचलेलेच रुग्ण दिसतात. इथे प्लाझ्मा बदलण्यासाठी आलेला प्रत्येक जण मोजला गेला. या रजिस्ट्रीचं खरं बळ यातच आहे.

१९९५ च्या नोव्हेंबरपासून उपचार सुरू होण्याआधीच रक्ताचा नमुना घेऊन गोठवून ठेवायला सुरुवात झाली. रुग्णांच्या शरीरात ॲडॅम्ट्स-१३ हे एन्झाइम कमी पडतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. तो शोध १९९७-९८ मध्ये जाहीर झाला. मग ओक्लाहोमाचे नमुने स्वित्झर्लंडमधल्या बर्नला, डॉ. बर्नहार्ड लेम्ले यांच्या प्रयोगशाळेत गेले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल विचार करायला लावणारा होता: १४२ रुग्णांपैकी फक्त १८ जणांत एन्झाइमची तीव्र कमतरता होती. एकाच नावाखाली उपचार घेणाऱ्या बाकीच्यांत कुणाला मज्जेच्या प्रत्यारोपणानंतरचा त्रास होता, कुणाला कर्करोग, कुणाला जंतुसंसर्ग, तर कुणाला औषधाची बाधा.

औषधांत क्विनाइनचं नाव पुन्हा पुन्हा आलं. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून घेतलेली एखादी गोळी. रुग्णाला ती औषधच वाटत नसे, त्यामुळे 'काही औषध घेता का?' या प्रश्नाला उत्तर 'नाही' असंच मिळे. नाव घेऊन खोदून विचारलं तरच ती बाहेर येई. असा प्रश्न विचारायला सवड काढावी लागते, आणि या चमूने ती काढली.

सगळ्यात मोलाचं मात्र रुग्णांनी स्वतः सांगितलं. प्लेटलेट पूर्ववत झाले की रुग्ण ठणठणीत बरा, असं डॉक्टर मानत. पण बरे झालेले रुग्ण एकत्र भेटू लागले तेव्हा एकामागून एक तेच सांगू लागले: लक्ष लागत नाही, नावं आठवत नाहीत, पूर्वीसारखं काम जमत नाही. 'आजाराचा धक्का बसलाय' असं म्हणून जॉर्ज यांच्या चमूने ते उडवून लावलं नाही. रुग्णांच्या रीतसर चाचण्या घेतल्या. २००९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत एकाग्रता, पाठांतर आणि झटपट शब्द सुचणं, तिन्हींत उणीव दिसली. बरं झालेल्या माणसाच्या तक्रारीला पुरावा मिळाला. नोंदवहीच्या साऱ्या इतिहासात याहून मोठं काम दाखवता येणार नाही.

नंतरचे आकडे जड आहेत. साडेसात वर्षांत आजार उलटण्याची शक्यता ४१ टक्के निघाली, त्यातही पहिल्या वर्षी सर्वाधिक. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आजारातून वाचलेल्या ५७ जणांपैकी ११ जण पुढे दगावले होते. उच्च रक्तदाब, नैराश्य आणि ल्युपस यांचं प्रमाणही इतर लोकांपेक्षा जास्त आढळलं. घरी सोडलेल्या रुग्णाचा माग वर्षानुवर्षं ठेवला नसता तर यातलं काहीच कळलं नसतं.

ब्रिटन आणि फ्रान्समध्येही आता टीटीपीच्या राष्ट्रीय पातळीवरच्या नोंदी आहेत. टीटीपीतून उठलेलं कुणी ओळखीचं असेल, तर प्लेटलेटचा रिपोर्ट चांगला आला म्हणून तपासण्या थांबवू देऊ नका. ॲडॅम्ट्स-१३ची पातळी आणि रक्तदाब ठरावीक काळाने पाहून घ्या, आणि विसरायला होतं, उदास वाटतं, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.