कळकलेले ताक

डोके दुखते म्हटले की आमची आजी आधी विचारी, "ताक कोणत्या भांड्यातले प्यालास रे?" वाशीमच्या घरात तेव्हा सगळे पितळ. कल्हईवाला गल्लीत बसला की नवसागराच्या धुराने नाक झणझणे. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट ठेवले तर ते कळकते. तांबे त्यात उतरते, मग मळमळते, पोट दुखते, डोकेही धरते. आजीचे निदान चुकीचे नव्हते.

पुढे स्टील आले आणि आपण निर्धास्त झालो. पण नेहमीच्या चांगल्या स्टीलमध्ये साधारण 8 टक्के निकेल असते. नव्या भांड्यात टोमॅटो-चिंचेचे शिजवले तर त्यातले किंचित अन्नात येते. भांडे जुने होईल तसे कमी होत जाते.

मी 1982 साली बँकेत कॅशियर म्हणून लागलो. तेव्हाचा रुपया तांबे-निकेलचा. नाणी मोजून बोटे खाजत, घड्याळाच्या बकलाखाली चट्टा उठे. डोकेदुखी मात्र मी न जुळणाऱ्या लेजरच्या नावे टाकली होती! निवृत्तीनंतर त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवसांनी काढल्या, तर निकेलच्या जागी कातडी लालभडक. मग आहार विचारला. डाळी, शेंगदाणे, चहा, सोयाबीनच्या वड्या. नेमके निकेल जास्त असणारे पदार्थ. याच सोयाबीनसाठी पीककर्जाच्या किती फायली मी मंजूर केल्या, त्याची आठवण होऊन हसू आले.

दोन महिने पथ्य केले आणि सवयीप्रमाणे वही ठेवली. खाज निम्म्यावर आली. डोके आधीच्या दोन महिन्यांत 11 दिवस दुखले होते, आता 7 दिवस. पण याच काळात चहाही सुटला, झोपही सुधारली. मग जमा कोणाच्या खात्यावर करायची? डॉक्टरांनी सरळच सांगितले, की निकेलची अ‍ॅलर्जी असणाऱ्या काहींचे डोके अशा आहाराने दुखते अशा नोंदी आहेत, पण ठाम पुरावा नाही.

खरा घोळ घरात झाला. माझे पाहून सौभाग्यवतींनीही वरण सोडले. त्यांचे हिमोग्लोबिन आधीच कमी. डॉक्टर चिडले. शरीरात लोह कमी असले की निकेल उलट जास्त शोषले जाते म्हणे, आणि डाळ सोडून लोह व प्रथिने आणायची कुठून? त्याच संध्याकाळी कुकरला तुरीची डाळ लागली. मी अर्धी वाटी घेतली, त्यांनी दोन.

आजीचे पितळी पातेले अजून फळीवर आहे. कल्हईवाला कुठे सापडला तर कळवा.